जुनी फियाट सुरू होत नाही तेव्हा...

कर्जत म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकाला आधी आठवते ते रायगड जिल्ह्यातील, बोरघाटाच्या पायथ्याचे रेल्वेचे कर्जत. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत त्याहून अगदी निराळे. भीमेच्या उत्तरेला पसरलेला हा पर्जन्यछायेतला तालुका शहरी माणसाला माहीत असतो तो सिद्धटेकच्या गणपतीमुळे, राशीनच्या जगदंबेमुळे किंवा रेहेकुरीच्या काळविटांमुळे. जुन्या मोटारी सांभाळणाऱ्या हौशी मंडळींनाही दौंडवरून सिद्धटेक आणि पुढे राशीन-कर्जत हा रस्ता सोयीचा वाटतो. घाट नाही, मोठी चढण नाही, साठीच्या वेगाने निवांत जाता येते. अडचण येते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री उघड्यावर उभी राहिलेली फियाट किल्ली फिरवल्यावर नुसती कण्हते, किंवा सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन मात्र पेट घेत नाही.

गावातल्या गॅरेजमधला तरुण कारागीर आजच्या गाडीला स्कॅनर लावून दोष शोधतो. फियाटला स्कॅनर लावायला जागाच नाही. तिच्यात संगणक नाही, सेन्सर नाही, इंजेक्टर नाही. ही अडचण वाटते, पण खरे तर हीच तिची सोय आहे. या इंजिनात जे काही बिघडते ते बहुधा डोळ्यांना दिसते, हाताला लागते आणि साध्या पान्या-पेचकसाने दुरुस्त होते. अट एवढीच, की शोध क्रमाने घ्यावा. क्रम सोडून आधी कार्ब्युरेटर खोलला की एका दोषाचे तीन दोष होतात, आणि तेही देवळाच्या वाहनतळावर.

महाराष्ट्राशी या गाडीचे नाते नुसते वापराचे नाही. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ती तयार झाली. पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ११०० या गाडीचे उत्पादन सुरू झाले. गोलसर पाठीच्या त्या पहिल्या गाडीला मराठी माणसाने 'डुक्कर फियाट' असे प्रेमळ नाव दिले. १९६४ मध्ये चौकोनी बांध्याची '११०० डिलाइट' आली आणि १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे उत्पादन थांबले. मुंबईत काळी-पिवळी म्हणून नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सीचालकांबरोबर रोजच्या रोज हे इंजिन हाताळणारी एक पिढीही बाजूला झाली. आता ज्याच्या दारात फियाट आहे, त्याला ते ज्ञान थोडेफार स्वतःच अंगी बाणवावे लागते.

इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे. ते सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, योग्य क्षणी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये टिकणारा दाब. यातला दाब एका रात्रीत नाहीसा होत नाही. काल संध्याकाळी नीट आलेली गाडी आज सुरू होत नसेल, तर दोष विजेचा किंवा पेट्रोलचा. आणि या दोहोंत आधी वीज पाहावी, कारण ती तपासणे सोपे असते आणि दोषही बहुधा तिथेच सापडतो.

सुरुवात कानाने करावी. किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक' असा आवाज येऊन शांतता पसरली, तर बॅटरी, तिची टर्मिनले किंवा सेल्फ यांपैकी काहीतरी बिघडले आहे. सेल्फ म्हणजे अर्थातच इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटार. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली दिसली तर गरम पाण्याने धुऊन, घासून, पुन्हा घट्ट बसवावी. बॅटरीकडून गाडीच्या सांगाड्याला आणि सांगाड्याकडून इंजिनाला जाणारी अर्थिंगची पट्टी मात्र अनेकदा कोणी पाहतच नाही. ती गंजलेली किंवा सैल असेल, तर नवी कोरी बॅटरीही बसल्यासारखी वाटते.

इंजिन फिरते पण रडतखडत, असे असेल तर बॅटरी उतरली आहे. चार्ज असलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट असतो. सेल्फ फिरताना तो दहाच्या बराच खाली गेला, तर बॅटरीवर विसंबू नये. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सेल्फ आणि ठिणगी पाडणारी कॉइल एकाच बॅटरीवर चालतात. सेल्फने सगळा जोर ओढून घेतला की कॉइलला पुरेसा करंट उरत नाही. म्हणूनच 'सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरी चांगली' हे अनुमान फसवे आहे. थंडीच्या दिवसांत, इंजिनातले ऑइल घट्ट झालेले असताना, ही फसगत हमखास होते. अशी गाडी धक्का देऊन दुसऱ्या गिअरमध्ये सुरू होते, याचे कारण हेच. सेल्फ मधे नसल्याने सगळा करंट कॉइलला मिळतो. बॅटरी अगदीच मृत असेल तर मात्र धक्क्याचा सहसा उपयोग होत नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा-एक मिनिट जाऊ द्यावे, नाहीतर मूळ दोष राहतो बाजूला आणि सेल्फ जळून बसतो. पुढून हँडल घालून फिरवण्याची सोय असलेल्या आणखी जुन्या गाड्यांत अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरावे. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडलभोवती वळवलेला अंगठा मोडतो.

तिसरा प्रकार सर्वांत गोंधळात टाकणारा: सेल्फ ठणठणीत, इंजिन भराभर फिरते, पण पेट घेत नाही. इथे एक प्लग काढावा. प्लग हा इंजिनाचा साक्षीदार आहे. तो ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे पण पेटत नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. पुढचा सगळा शोध या एका निरीक्षणावर ठरतो.

ठिणगी पाहण्यासाठी काढलेला प्लग त्याच्या वायरीला जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. वायर पक्कडीने, रबरी मुठीवरून धरावी, आणि आसपास कुठेही पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री आधी करावी. ठिणगी निळसर, जाड आणि 'टक टक' वाजणारी हवी. पिवळी, बारीक, अधूनमधून चुकणारी ठिणगी उघड्या हवेत दिसली तरी सिलिंडरमधल्या दाबाखाली ती विझते. ठिणगी नसेल किंवा अशी दुबळी असेल, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडावे.

जुन्या फियाटचे निम्मे दुखणे या वाटीएवढ्या डब्यात असते. झाकणाच्या आत रात्रीच्या दवाचा ओलावा असेल तर कोरड्या फडक्याने पुसावा. नदीकाठी, सिद्धटेकसारख्या ठिकाणी, नुसत्या या पुसण्यानेही गाडी सुरू होते. झाकणाला केसासारखी चीर किंवा आतून काळी रेघ दिसली, तर करंट तिथून गळतो आहे. झाकणाच्या मध्यभागी कार्बनचा एक बारीक तुकडा स्प्रिंगवर बसवलेला असतो, तो झिजून नाहीसा झालेला नाही ना हे पाहावे.

मग पॉइंट. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरील चार कोनांची कॅम हे दोन छोटे संपर्कबिंदू उघडते आणि मिटते. मिटलेले असताना कॉइलमध्ये करंट वाहतो. ते उघडताच करंट तुटतो आणि बारा व्होल्टच्या कॉइलमधून हजारो व्होल्टचा झटका प्लगकडे जातो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. झीज होणारच. एकीकडे त्यांच्या तोंडाला खड्डे पडतात, दुसरीकडे कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजून फट कमी होत जाते आणि एका सकाळी ते उघडायचेच थांबतात. 'काल तर चालत होती' या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा हेच असते. टाच कॅमच्या उंचवट्यावर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवावे, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून साफ करावेत आणि फीलर गेजने फट साधारण ०.४ ते ०.५ मि.मी. ठेवावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तो पाहणे उत्तम. गेज नसेल तर जाड निमंत्रणपत्रिकेच्या कागदावरही घरी पोहोचण्यापुरते भागते.

पॉइंट साफ करूनही ते लगेच निळे-काळे पडत असतील, तर बाजूचा कंडेन्सर गेला आहे. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडू न देणे हे या चिमुकल्या डबीचे काम. ते तिने सोडले की करंट पॉइंटवरच जळून जातो आणि प्लगला काही मिळत नाही. कंडेन्सर तपासायची सोय रस्त्यावर नसते, नवा लावून पाहणे एवढाच उपाय.

या साफसफाईत एक चूक वारंवार होते. प्लगच्या चारही वायरी एकदम काढल्या जातात आणि मग कुठली कुठे हे आठवत नाही. या इंजिनाचा पेट घेण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे. वायरींची अदलाबदल झाली की इंजिन कार्ब्युरेटरमधून फटाके उडवते आणि सगळ्यांना वाटते की मोठाच बिघाड झाला. एका वेळी एकच वायर काढावी, हे साधे पथ्य.

आता पेट्रोल. प्लग ओले असतील आणि ठिणगी चांगली असेल, तर इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे, गॅरेजच्या भाषेत गाडी 'ओव्हर' झाली आहे. चोक ओढून धरून पुन्हा पुन्हा ॲक्सिलरेटर मारल्याचा हा परिणाम. चोक पूर्ण आत ढकलावा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरावा, पंप करू नये, आणि सेल्फ मारावा. मोकळी हवा आत जाऊन प्लग सुकतात. तेवढ्याने न भागल्यास प्लग काढून पुसावेत. दहा मिनिटे नुसते थांबणे हाही उपाय आहे, परंतु तो फारसा कोणी करत नाही.

प्लग कोरडे असतील तर आधी टाकीत पेट्रोल आहे का ते पाहावे. हे हास्यास्पद वाटेल, पण चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा हा माहितीपेक्षा मनोरंजनाचा विषय असतो. टाकीचे झाकण उघडताना 'फुस्स' असा हवा आत शिरण्याचा आवाज आला, तर झाकणाचे किंवा टाकीचे हवेचे छिद्र बुजले आहे. यानंतर कॉइलची वायर काढून, कार्ब्युरेटरला येणारी नळी सोडून तिचे तोंड बाटलीत धरावे आणि सेल्फ मारावा. पेट्रोल ठोक्याठोक्याने उडाले पाहिजे. उडाले, तर पंप चांगला आणि दोष कार्ब्युरेटरचा: फ्लोटची सुई अडकलेली किंवा जेटमध्ये कचरा. नाही उडाले, तर फिल्टर, नळी किंवा पंपाचा रबरी पडदा. ही तपासणी गार इंजिनावरच करावी, जवळ विडी-सिगारेट नसावी आणि आग विझवण्याचे साधन हाताशी असावे.

दुपारचे दुखणे सकाळच्या दुखण्याहून वेगळे. एप्रिल-मेमध्ये या भागात पारा चाळिशीच्या वर जातो. नगर-सोलापूर रस्त्यावर मिरजगाव किंवा माहिजळगावला चहासाठी थांबून पुन्हा निघताना गाडी सुरू होत नाही. इंजिन बंद केल्यावर पंखाही थांबतो, आतली उष्णता वर चढते आणि पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी बनलेला, वाफेपुढे त्याचे काही चालत नाही. मुंबईचे टॅक्सीचालक अशा वेळी पेट्रोलपंपावर ओले फडके टाकत. तो उपाय आजही तितकाच लागू आहे. पाणी फडक्यावरच असावे, तापलेल्या इंजिनावर ओतू नये. बीडाच्या ओतकामाला तडा जाऊ शकतो. रेडिएटरचे झाकणही या अवस्थेत उघडू नये. गार झाल्यावर गाडी सुरू होते पण तापल्यावर ठिणगीच नाहीशी होते, असे आढळले तर कॉइल बदलण्याची वेळ आली आहे, फडके नव्हे.

सर्वांत जपून वागावे लागते ते वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीशी. वडिलांची किंवा आजोबांची फियाट गावच्या वाड्यात पत्र्याखाली उभी आहे, आणि मुंबईहून आलेला नातू नवी बॅटरी जोडून थेट किल्ली फिरवतो. याने चांगले इंजिनही खराब होते. सिलिंडरच्या भिंतींवर ऑइल उरलेले नसते, रिंगा चिकटलेल्या असतात. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, एक दिवस जाऊ द्यावा आणि मग इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहावे. जोर लावून नव्हे. जुने ऑइल बदलावे. टाकीतले पेट्रोल काढून टाकावे. काही महिन्यांत ते नासते आणि त्याला व्हार्निशसारखा उग्र वास येऊ लागतो. हवेच्या छिद्रात किंवा उघड्या नळीत कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असते, एअर फिल्टरमध्ये उंदरांनी. वायरींचे आवरणही उंदरांनी कुरतडलेले असू शकते, म्हणून बॅटरी जोडण्यापूर्वी वायरी पाहाव्यात. आणि इंजिनाच्या आधी ब्रेक. सुरू झालेली पण न थांबणारी गाडी ही न सुरू होणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी वाईट.

इंजिन फिरते, ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी पेट घेत नसेल, तर मात्र दाब मोजावा. एका सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा फार कमी आला की त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, नाही वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. इथून पुढचे काम रस्त्यावरचे नाही.

या इंजिनाच्या आयुष्यात इंधन दोनदा बदलले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. हवेसाठी ते आवश्यकच होते, परंतु जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकांना शिशाचे जे वंगण मिळत असे ते गेले. दुसरा बदल इथेनॉलचा. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश, आणि त्याला हवाही कमी लागते. निव्वळ पेट्रोलसाठी मापलेल्या जेटमधून मिश्रण पातळ जाते आणि गार इंजिन पेट घ्यायला कुरकुरते. इथेनॉल पाणी शोषते, टाकीतला जुना मळ सोडवून जेटकडे नेते, आणि त्यासाठी न बनवलेले रबर फुगवते किंवा कडक करते. उभ्या राहणाऱ्या गाडीला हे अधिक बाधते. पंपाचा पडदा आणि सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या बसवून घेणे, हा आजच्या फियाटमालकाचा पहिला खर्च असायला हवा. यात एक योगायोग आहे. ज्या वालचंदांनी ही मोटार महाराष्ट्रात बनवण्याची सोय केली, त्यांचाच साखर कारखाना भीमेपलीकडे इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला उभा राहिला. कर्जतच्या आसपासही आज उसाचे फड आहेत. त्या उसापासून बनणारे इथेनॉल आता त्यांच्याच मोटारीच्या पंपाचा पडदा पोखरते आहे.

गाडी सुरू होत नाही हा प्रश्न कागदोपत्रीही महागात पडू शकतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि सुरूच न होणारी गाडी तपासणीला नेता येत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या काही पद्मिनी आता या वयाच्या झाल्या आहेत. मात्र ही नोंदणी घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापराला मनाई आहे. तेव्हा वरचेवर सिद्धटेकला जाण्याचा बेत असेल तर ती घेण्यापूर्वी विचार करावा.

लांबच्या प्रवासात डिकीमध्ये फार सामान लागत नाही. पॉइंटचा एक संच, कंडेन्सर, दोन प्लग, पंख्याचा पट्टा, पंपाचा पडदा, हातभर पेट्रोलची नळी आणि क्लिपा, फीलर गेज, पॉलिश पेपर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, पाण्याची बाटली आणि एक जुने फडके. कंडेन्सरच्या बाबतीत एक सूचना. अलीकडे मिळणाऱ्या नव्या सुट्या भागांचा दर्जा सारखा नसतो, आणि नवा कंडेन्सर शंभर किलोमीटरवर दगा देऊ शकतो. म्हणून नवा बसवताना काढलेला जुना, चालू स्थितीतला कंडेन्सर फेकून देऊ नये. कागदात गुंडाळून डिकीत ठेवावा.